चेरी नव्हे, करवंद!

आपल्या मंडळींच्या समारंभांत जेवणाअखेर जे गोड वाढले जाते, त्याविषयी स्पष्ट लिहिणे आता आवश्यक झाले आहे. कस्टर्डवर लालभडक 'चेरी' दिसली की पाहुणे खूश आणि यजमान धन्य! वस्तुस्थिती अशी की, बाजारातील ही स्वस्त चेरी बहुधा चेरी नसतेच. करवंदातील बिया काढून, ते साखरेच्या पाकात मुरवून व लाल रंग चढवून ती तयार होते. खानापूर-जांबोटीच्या रानातले जे फळ आपण गावंढळ म्हणून दूर सारले, तेच रंग फासून आले की मिरवायचे, याला रसिकता म्हणावे काय?

'करवंदाला चीक असतो, बिया असतात, एवढा खटाटोप कोणी करावा?' ही नेहमीची सबब. हातांना थोडे तेल लावून फळे चिरावीत, बिया काढाव्यात, फोडी मिठाच्या पाण्यात ठेवून धुवाव्यात आणि गुळाच्या पाकात शिजवाव्यात. अर्धवट पिकलेल्या करवंदांत पेक्टिन भरपूर असल्याने मुरांबा आपोआप दाटतो. रंग नको, इसेन्स नको. आपल्या आज्यांना हे पाठ होते. ग्वाल्हेर-इंदूरकडे करौंदा, बडोद्याकडे करमदां, आमच्या कन्नड शेजाऱ्यांकडे कवळी. नावे निराळी, फळ एकच. तेव्हा 'आमच्याकडे मिळत नाही' हेही कोणी सांगू नये.

प्रश्न केवळ जिभेचा नाही. एप्रिल-मे महिन्यांत काट्यांतून हात घालून करवंदे तोडणाऱ्या आणि पुढे जांभळे घेऊन बसणाऱ्या बायकांशी आपण दोन-चार रुपयांसाठी घासाघीस करतो. डबाबंद फळांची छापील किंमत मात्र निमूटपणे देतो. २००६ च्या वनाधिकार कायद्याने पात्र वननिवासींना गौण वनोपजांवर मालकीचा व विक्रीचा हक्क दिला. सरकारी नोकरीत आयुष्य घालविलेला मनुष्य म्हणून सांगतो, कायदा हक्क देऊ शकतो. गिऱ्हाईक देऊ शकत नाही. ते आपल्यालाच व्हावे लागते.

मराठीपणाचे ठराव आपण पुष्कळ संमत केले. आता एक साधी गोष्ट करावी. उन्हाळ्यातील प्रत्येक कार्यात करवंदाचा मुरांबा किंवा जांभळाचे सरबत पाहुण्यांपुढे ठेवावे, फळे रानातून आणणाऱ्या बाईकडूनच घ्यावीत आणि तिने सांगितलेला भाव तिला द्यावा.