नंबर दिला म्हणजे मुभा दिली असे नव्हे



ॲपच्या मोफत चाचणीसाठी ज्यांनी आपणहून नंबर दिला त्यांनी नंतर कुरकुर करू नये, अनोळखी फोन उचलूच नये, हे आपल्या अंकातील पत्रलेखकाचे म्हणणे मला मान्य नाही.

कुर्डुवाडीत माझे बी-बियाणे आणि खतांचे दुकान आहे. डाळिंबावर डाग दिसला की माढा तालुक्यातला कुठलाही शेतकरी फोन करतो. तो फोन अनोळखीच असतो आणि तो उचलणे हाच माझा धंदा आहे. हिशेबाचे एक ॲप चाचणीपुरते घेतले, जमले नाही म्हणून काढून टाकले. तेव्हापासून ऐन गिऱ्हाइकीत, काट्यावर माल असताना, ‘सर, प्लॅन घेताय ना?’ सुरू! नको म्हटले की दुसऱ्या दिवशी दुसरा नंबर. यात माझा फुकटाचा मोह कुठे आला?

कायदाही पत्रलेखकाच्या बाजूने नाही. जाहिरातीच्या फोनसाठी 140 ने सुरू होणारे क्रमांक ठरवून दिलेले आहेत. साध्या दहा अंकी नंबरवरून कोणी विक्री करत असेल, तर दूरसंचार नियामक ‘ट्राय’च्या फेब्रुवारी 2025 च्या दुरुस्तीनुसार, जाहिरातीचे फोन नकोत अशी ‘डीएनडी’ नोंदणी नसली तरी, 7 दिवसांच्या आत तक्रार करता येते. 10 दिवसांत 5 तक्रारी आल्या तरी कारवाई सुरू होते. नुसते ब्लॉक केल्याने तो नंबर शेजाऱ्याला छळायला मोकळाच राहतो.

म्हणून वाचकांना विनंती, नंबर आणि तारीख टिपून ठेवा आणि 1909 वर तक्रार नोंदवाच.

– एक दुकानदार, कुर्डुवाडी (जि. सोलापूर)