शस्त्रक्रियागृहाबाहेरची भाषा

आमच्या विभागातील एका तरुण प्राध्यापिकेच्या दोन महिन्यांच्या मुलावर कोथरूडमधील एका रुग्णालयात हर्नियाची शस्त्रक्रिया झाली, तेव्हा आम्ही दोघे सोबतीला गेलो होतो. शस्त्रक्रिया मोठी नव्हती. पण तान्ह्या मुलांत आतडे अडकण्याचा धोका असल्याने ती लांबणीवर टाकत नाहीत. भुलीपूर्वी चार तास बाळाला अंगावर पाजायचे नव्हते. भुकेने रडणाऱ्या मुलाला खांद्यावर घेऊन त्या व्हरांड्यात फिरत होत्या आणि तशातच त्यांच्यापुढे संमतीपत्र आले. ते इंग्रजीत होते. त्यांनी न वाचताच सही केली. नंतर म्हणाल्या, "वाचलं असतं तर हात चालला नसता."

या वाक्याने आम्हांला अस्वस्थ केले. आईची थोरवी मराठी साहित्याने भरपूर गायिली, अपत्यशोकही लिहिला. परंतु काय होणार हे ठाऊक नसताना दाराबाहेर बसलेल्या आईबापांचे गद्य आमच्या अभ्यासक्रमात शोधू जाता फारसे सापडत नाही.

आनंदीबाई जोशी यांचे उदाहरण सर्वपरिचित आहे. चौदाव्या वर्षी झालेले त्यांचे मूल अवघे दहा दिवस जगले. वैद्यकीय मदतीच्या अभावाची ती जाणीव त्यांना १८८३ साली अमेरिकेस घेऊन गेली. १८८६ मध्ये त्या डॉक्टर झाल्या, आणि प्रबंधासाठी त्यांनी विषय निवडला तो हिंदूंमधील प्रसूतिशास्त्राचा. श्री. ज. जोशी यांची 'आनंदी गोपाळ' (१९६८) शिकवताना आपण गोपाळरावांच्या हट्टाची चर्चा तासन्‌तास करतो. त्या दहा दिवसांपाशी मात्र क्वचितच थांबतो.

आईबापांचे लिहिणे केवळ मन मोकळे करण्यासाठी असते, असे मानणे आम्हांला चूक वाटते. १९८५ साली अमेरिकेत जिल लॉसन यांच्या अपुऱ्या दिवसांच्या मुलावर हृदयाजवळील रक्तवाहिनीची शस्त्रक्रिया झाली. त्याला हालचाल थांबवणारे औषध दिले होते, वेदना थांबवणारी भूल दिलीच नव्हती. नवजातांना वेदना फारशा कळत नाहीत आणि भूल सोसवत नाही, असा समज तेव्हा वैद्यकात रूढ होता. मूल वाचले नाही. खरे काय घडले ते मागाहून कळल्यावर या आईने पत्रे लिहिली आणि १९८६ मध्ये ती हकीकत वृत्तपत्रांतून जगापुढे आली. १९८७ साली कंवलजीत आनंद आणि हिकी यांचा नवजातांच्या वेदनांवरील शोधलेख प्रसिद्ध झाला आणि त्याच वर्षी अमेरिकेतील बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने भुलीविना अशा शस्त्रक्रिया करणे अनैतिक ठरवले. संशोधनाचे श्रेय संशोधकांचेच. पण ज्याला बोलता येत नव्हते त्याच्या बाजूने आईची साक्षही उभी राहिली.

असे लेखन कच्चे असते, त्याला साहित्य कसे म्हणावे, हा आक्षेप आम्हांला ठाऊक आहे. लक्ष्मीबाई टिळकांची 'स्मृतिचित्रे' आज आपण मानाने शिकवतो. त्यांचेही शालेय शिक्षण झालेले नव्हते, हे विसरू नये. वाङ्मयीन मूल्य पुढे ठरेल. आधी लिहिले तर गेले पाहिजे.

म्हणून आमची सूचना साधी आहे. 'व्यावहारिक मराठी' शिकवताना आपण अर्ज आणि इतिवृत्त लिहून घेतो. त्यातच शस्त्रक्रियेचे संमतीपत्र का असू नये? गावातील एखाद्या डॉक्टरांना वर्गात बोलवावे आणि रडते मूल कडेवर असतानाही वाचता येईल, असे मराठी विद्यार्थ्यांकडून घडवून घ्यावे. मराठी विभागांना करता येण्यासारखे हे काम आहे.

बाळ आता बरे आहे. घरी परतल्यावर त्या बाईंनी औषधांच्या बिलामागे लिहिलेली टिपणे आम्हांला दाखवली : "सव्वानऊ. नेलं. दहा. कुणी आलं नाही. दहा वीस. रडणं ऐकू आलं, आपलंच." ती आम्ही त्यांना जपून ठेवायला सांगितली आहेत.