जंगलाचा हिशोब कोण मांडणार?



693 रुपये. जंगल, गायरान, नदी-नाल्यातून एका घराला वर्षाकाठी एवढंच मिळतं, असं सरकारी कागद सांगतो. 1998 साली राष्ट्रीय नमुना पाहणीवाले देशभर खेडोपाडी फिरले, वर्षात काय काय आणलं ते विचारलं आणि ही सरासरी काढली.

आकडा खोटा नाही. पण तो निघाला कसा? ज्या गावांना जंगलच नाही, तिथली घरंही त्यात धरली. शंभरातली 48 घरंच काही ना काही आणत होती, पण वाटणी सगळ्या शंभर घरांत झाली. शिवाय रोजची रानभाजी, मूठभर शेवळं, बाळंतिणीसाठी आणलेली मुळी, हे वर्षभराचं कोण आठवून सांगणार?

आता आपलं बघा. धरा, एका मोळीचे 20 रुपये. आठवड्याला दोन मोळ्या म्हणजे वर्षाच्या 104. नुसत्या सरपणाचेच 2,080 झाले. तेव्हापासून भाव वाढले हे मान्य. पण मोहफुलं, हिरडा, चारा, कंद अजून मोजायचेच आहेत.

हे का सांगतो? 2008 च्या मार्चात सुप्रीम कोर्टाने जंगलाचे दर ठरवले. खाणीला, धरणाला जंगल दिलं तर तेव्हा हेक्टरी 4 लाख 38 हजारांपासून 10 लाख 43 हजारांपर्यंत भरायचे होते. तो पैसा ‘कॅम्पा’च्या खात्यात जातो. सरपण कुणाचं बुडालं, ते त्या पावतीवर नसतं.

काही म्हातारी माणसं म्हणतात, आईची कुठं किंमत करतात का? बरोबर आहे. विकायला आपण मोजत नाही. पण साहेब जुना कागद काढून “यांचं नुकसान एवढंच” म्हणतो, तेव्हा आपल्या हातातही कागद पाहिजे.

वनहक्क कायद्याने गौण वनोपजावर आपली मालकी मानली आहे. मग हिशोबही आपणच ठेवू. प्रत्येक पाड्यावर एक वही करा. दर आठवड्याला काय आणलं, किती आणलं, खाल्लं की विकलं, ते लिहा. बायांना आधी विचारा, जंगलात जास्त त्याच जातात. लिहिता येत नसेल तर शाळेतल्या पोरांना बसवा. महिन्याने वही ग्रामसभेत वाचा, अंगठे-सह्या घ्या.

मोजणी आपली, जंगल आपलं. जिंदाबाद!