प्रवास मोफत झाला. घराच्या हमीचे काय?

पावसाळा लागला की बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यात दोन बातम्या हमखास येतात. पुलावर पाणी आल्याने बस बंद, आणि रात्री घराची भिंत कोसळली. त्यामुळे सरकारी पैसा महिलांच्या मोफत प्रवासावर जावा की घरांच्या विम्यावर, हा प्रश्न इथे केवळ चर्चेचा राहत नाही.

आधी प्रवासाची बाजू पाहू. कर्नाटकात महिलांना मोफत बसप्रवास देणारी ‘शक्ती’ योजना 11 जून 2023 रोजी सुरू झाली. नंदगड किंवा जांबोटीची बाई आता मजुरीसाठी, दवाखान्यासाठी, सौंदत्तीच्या यल्लम्मासाठी तिकिटाचा विचार न करता निघते. त्यासाठी अर्ज नाही, पंचनामा नाही, कुणाची शिफारस नाही. इतक्या थेट हातात पडणाऱ्या योजना फार थोड्या.

आक्षेपही खरे आहेत. गर्दी वाढली, त्या प्रमाणात फेऱ्या वाढल्या नाहीत. सकाळच्या बसला विद्यार्थी दारात लोंबकळतात. जानेवारी 2025 मध्ये भाडे 15 टक्के वाढले, त्याचा भार पुरुष प्रवाशांवर पडला. आंतरराज्य बसला ही सवलत नाही. माहेर महाराष्ट्रातल्या चंदगडला असलेल्या सुनेला त्या बसने जायचे तर तिकीट काढावेच लागते. आणि जिथे बसच पोहोचत नाही, त्या गावाला शून्य तिकिटाचा उपयोग शून्य.

आता घर. कणकुंबीला मलप्रभा उगम पावते, आणि तालुक्याचा हा पश्चिम भाग आठवडेच्या आठवडे पावसात भिजतो. इथली बरीच घरे पुराच्या लोंढ्याने पडत नाहीत. मातीच्या भिंती आतून ओल धरतात आणि खचतात. 2019 च्या महापुरानंतर राज्य सरकारने पूर्ण पडलेल्या घराला 5 लाख रुपये जाहीर केले. केंद्राच्या 2022 च्या निकषांत सपाट भागासाठी हीच रक्कम 1 लाख 20 हजार आहे. म्हणजे घर उभे राहणार की नाही, हे त्या वर्षीच्या सरकारच्या मनावर आणि पंचनाम्यात घर ‘पूर्ण’ पडले की ‘अंशतः’, या एका शब्दावर ठरते. विमा असता तर ती रक्कम हक्काची झाली असती.

पण विमाही सरळ नाही. 2021 पासून ‘भारत गृह रक्षा’ ही प्रमाणित पॉलिसी मिळते, तिच्यात पूर आणि वादळ येतात. भिजून खचलेल्या भिंतीवर मात्र वाद होऊ शकतो. हातावर पोट असलेले कुटुंब पडेल की नाही ठाऊक नसलेल्या भिंतीसाठी दरवर्षी हप्ता भरणार नाही. घराचा उतारा नावावर नसेल तर दावा करायचा कशावर? शिवाय हप्ता सरकारने भरला, तर नदीकाठी नवी घरे बांधायला मोकळीक मिळेल, ही भीतीही रास्त आहे. ब्रिटनने 2016 मध्ये पूरप्रवण घरांसाठी सामायिक विमा व्यवस्था उभारली, तेव्हा 2009 पासून बांधलेली घरे तिच्याबाहेर ठेवली, ती याच कारणाने.

दोन्ही बाजू तोलल्यावर आमचे मत असे. शक्ती योजनेला हात लावू नये. तिचे पैसे काढून विमा करणे म्हणजे त्याच बाईच्या एका हातातले घेऊन दुसऱ्या हातात देणे. योजनेची उणीव तिकिटात नाही, फेऱ्यांत आणि बुडणाऱ्या पुलांत आहे. ती तिथेच भरून काढावी. मात्र यापुढचा नवा रुपया घराच्या हमीवर खर्च व्हावा. तिकिटाचे पैसे रोज थोडे वाचतात. घर गेले की कुटुंबाची वीस वर्षांची कमाई जाते.

त्यासाठी ग्रामपंचायतीमार्फत मातीच्या घरांचा सामूहिक विमा काढावा आणि हप्ता राज्याने भरावा. पावसाने ठरावीक मर्यादा ओलांडली की विम्याचे पैसे मिळतील, अशी व्यवस्था नागालँडने राज्यपातळीवर स्वीकारली आहे. खानापुरात तशी सोय केली, तर पंचनाम्याची वाट न पाहता भरपाईचा पहिला हप्ता पावसाळ्यातच घरी पोहोचेल. नदीपात्रालगतच्या नव्या बांधकामांना मात्र त्यात जागा नसावी. मदत सरकारच्या मर्जीवर न राहता लोकांचा हक्क व्हावी, हे तत्त्व मोफत प्रवासाने मान्य केले आहे. घरालाही तेच लागू करा.