जॉन ब्राऊन : वीर की खुनी?



दर वर्षी १ फेब्रुवारीला आपल्या बेटावर सुट्टी असते. १८३५ साली याच दिवशी येथील गुलामगिरी कायद्याने संपली. एकदा त्या सुट्टीच्या आदल्या दिवशी मी वर्गात अमेरिकेच्या जॉन ब्राऊनची हकीगत सांगितली. ती संपल्यावर मागच्या बाकावरील एका मुलीने विचारले, "सर, मग तो चांगला की वाईट?" पाठाच्या शेवटी बोध सांगावा, असे आम्हांला शिक्षक-प्रशिक्षणात शिकविले होते. त्या दिवशी मला बोध सांगता आला नाही. तेव्हापासून तो प्रश्न मनात घोळत आहे.

ब्राऊन गोरा होता, अत्यंत धार्मिक होता. गुलामगिरी हे देवाविरुद्धचे पाप आहे आणि ते केवळ भाषणांनी धुतले जाणार नाही, अशी त्याची खात्री होती. १६ ऑक्टोबर १८५९ च्या रात्री २१ साथीदारांसह त्याने व्हर्जिनियातील हार्पर्स फेरी येथील सरकारी शस्त्रागारावर हल्ला केला. साथीदारांत पाच काळे होते आणि त्याची स्वतःची मुलेही होती. शस्त्रे गुलामांच्या हाती द्यावीत, असा बेत होता. तो दोन दिवसांत फसला. त्याचे दोन मुलगे तेथे मारले गेले. खटल्यात वेडाचे निमित्त पुढे करून जीव वाचविण्याची सूचना आली, ती त्याने झिडकारली. २ डिसेंबर १८५९ रोजी त्याला फाशी दिली.

एवढेच सांगून थांबलो असतो, तर बोध सोपा होता. परंतु १८५६ च्या मे महिन्यातील एक रात्र मध्ये येते. कॅन्ससमध्ये पोटावाटोमी ओढ्याकाठी ब्राऊनच्या माणसांनी गुलामगिरीच्या बाजूच्या पाच जणांना घराबाहेर ओढून तलवारींनी मारले. एका घरातील बाप व दोन मुलगे गेले. आईने गयावया केली, म्हणून धाकटा तेवढा वाचला. मारलेल्यांपैकी कोणाजवळही स्वतःचे गुलाम नव्हते. याला मी युद्ध म्हणू शकत नाही. हार्पर्स फेरीतही पहिला बळी कोणाचा गेला? हेवर्ड शेफर्ड या रेल्वेच्या हमालाचा, आणि तो स्वतंत्र काळा माणूस होता!

मग ब्राऊनला पुस्तकातून काढून टाकावे काय? माझे उत्तर आहे, नाही. त्या काळी अमेरिकेत सुमारे ४० लक्ष माणसे गुलाम होती. आईपासून मूल तोडून विकणे तेथे कायदेशीर होते. १८५७ साली तर काळा मनुष्य या देशाचा नागरिक होऊच शकत नाही, असे तेथील सर्वोच्च न्यायालयाने सांगितले. ब्राऊनने शांतता मोडली असे म्हणणाऱ्यांना माझा प्रश्न आहे : शांतता कोणाच्या घरी होती? चाबूक रोज चालत होता, परंतु त्याला कोणी हिंसा म्हणत नव्हते.

फ्रेडरिक डग्लस स्वतः गुलामीतून पळून आलेले. ब्राऊनने बोलाविले असता, हा सापळा आहे, असे सांगून ते हल्ल्यात सामील झाले नाहीत. त्याच डग्लसनी १८८१ साली हार्पर्स फेरीतच भाषण करून त्याचा गौरव केला. ब्राऊनचा मार्ग नाकारूनही त्याचे मोल ओळखता येते, हे मी त्यांच्याकडून शिकतो.

बिचाऱ्या शेफर्डचे पुढे काय झाले तेही मुलांना सांगावे. १९३१ साली दक्षिणेकडील सैनिकांच्या वंशजांच्या संघटनांनी त्याच्या नावे तेथे शिळा उभारली. कशासाठी? काळे लोक आपल्या मालकांशी एकनिष्ठ होते, हे दाखविण्यासाठी. मेलेल्या माणसाला पुन्हा कामाला जुंपले! म्हणून ब्राऊनच्या हातून सांडलेले रक्त लपविणे धोक्याचे आहे. आपण ते सांगितले नाही, तर दुसरे कोणी आपल्या सोयीने सांगेल.

आपल्या भाषेचाही या गोष्टीशी धागा आहे. महात्मा जोतीराव फुले यांनी १८७३ साली 'गुलामगिरी' हा ग्रंथ काळ्यांच्या दास्यमुक्तीसाठी झटलेल्या अमेरिकेतील सदाचारी लोकांना अर्पण केला. त्या कार्यात सभा घेणारे होते, पळालेल्या गुलामांना घरात लपविणारे होते आणि तलवार उचललेला ब्राऊनही होता.

आपले पूर्वज या बेटावर गिरमिटावर आले ते गुलामांच्या जागी. माझ्या वर्गात गुलामांचे वंशज आणि गिरमिटियांचे वंशज एकाच बाकावर बसतात. त्यांना गुळगुळीत गोष्टी पुरणार नाहीत. आता कोणी तो प्रश्न विचारला, तर मी म्हणेन : "बाळ, त्याचा राग खरा होता. त्या रात्रीचे पाच खून क्षम्य नाहीत. आणि त्याला फाशी देणारा कायदा त्याच्याहून अधिक अपराधी होता. ही तिन्ही वाक्ये वहीत लिही. एकही खोडू नकोस."