दिव्यांग लेकराचे सरकारी लाभ: कोणता कागद आधी, कोणता नंतर?

परभणी–जिंतूर रस्त्यावरच्या झरी गावाहून जिल्ह्याचे ठिकाण फार लांब नाही. पण कडेवर आठ वर्षांचे न चालणारे लेकरू असलेल्या आईला विचारा. तिची एक फेरी म्हणजे एसटीचे भाडे, बुडालेला रोज आणि लेकराचे हाल. एवढे करून खिडकीवर ‘आधारवर जन्मतारीख वेगळी आहे, दुरुस्त करून या’ असे ऐकायला मिळाले, तर सगळा दिवस वाया. अशा दोन-तीन फेऱ्या झाल्या की घरातलेच म्हणतात, ‘जाऊ द्या, आपल्या नशिबात नाही.’ योजना चालू असते, लेकरू मात्र तिच्या बाहेर राहते.

बहुतेक अर्ज अडतात ते कागद नसल्यामुळे नव्हे, तर कागद एकमेकांशी जुळत नसल्यामुळे. म्हणून कोणता कागद आधी काढायचा, हे नीट समजून घेणे गरजेचे आहे.

आधी नाव आणि जन्मतारीख

सुरुवात जन्म दाखल्यापासून करावी. जन्माची नोंद २१ दिवसांत होणे अपेक्षित असते. ती राहून गेली आणि वर्ष उलटले, तर दंडाधिकाऱ्यांच्या आदेशाने उशिराची नोंद करता येते. १ ऑक्टोबर २०२३ नंतर जन्मलेल्या मुलांसाठी तर शाळाप्रवेशापासून आधारपर्यंत जन्मतारखेचा पुरावा म्हणून हाच दाखला चालतो.

त्यानंतर आधार. पाच वर्षांखालील बाळाचे बोटांचे ठसे घेत नाहीत. पाचव्या आणि पंधराव्या वर्षी ते अद्ययावत करावे लागतात. बोटे आखडलेली असल्याने ठसे उमटत नसतील, तर डोळ्यांच्या बुबुळांवरून नोंदणी होते. दोन्ही शक्य नसेल, तर अपवाद म्हणून नोंदणी करण्याची तरतूद आहे. ‘ठसे येत नाहीत’ म्हणून केंद्रावरून परत पाठवणे नियमात बसत नाही.

जन्म दाखला, आधार, शिधापत्रिका आणि शाळेचे रजिस्टर या चारही ठिकाणी नाव, वडिलांचे नाव आणि तारीख एकसारखी आहे का, हे घरीच बसून पाहावे. एका ठिकाणी ‘शेख’ पुढे आणि दुसरीकडे मागे, एका ठिकाणी टोपणनाव, असे असेल तर दुरुस्ती आधी करावी, अर्ज नंतर.

मग वैश्विक ओळखपत्र

दिव्यांगत्वाचे प्रमाणपत्र आणि वैश्विक ओळखपत्र, म्हणजेच यूडीआयडी, हा सगळ्या लाभांचा पाया आहे. अर्ज केंद्र सरकारच्या ‘स्वावलंबन’ पोर्टलवर करायचा असतो. आधार, पत्त्याचा पुरावा आणि सहा महिन्यांच्या आतला फोटो लागतो. अर्ज मोबाइलवरून किंवा गावातल्या सेवा केंद्रातून भरता येतो. नोंदणी क्रमांक मिळाला की तो लिहून ठेवावा.

तपासणी आपल्या जिल्ह्यातील किंवा जिथे उपचार चालू आहेत त्या ठिकाणच्या अधिकृत रुग्णालयात होते. झरीच्या कुटुंबासाठी ते परभणीचे जिल्हा रुग्णालय. तपासणीचे वार ठरलेले असतात आणि प्रत्येक प्रकारचे तज्ज्ञ रोज बसत नाहीत. त्यामुळे लेकराला घेऊन निघण्यापूर्वी आशाताईंमार्फत किंवा फोनवरून वार विचारून घ्यावा. जुने केसपेपर, एक्स-रे, श्रवण चाचणी आणि बुद्ध्यांक चाचणीचे अहवाल सोबत न्यावेत.

२०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्यात २१ प्रकारची दिव्यांगत्वे आहेत. १९९५ च्या कायद्यात सातच होती. स्वमग्नता, सिकलसेल, थॅलेसेमिया, हिमोफिलिया आणि विशिष्ट अध्ययन अक्षमता यांचाही आता समावेश आहे. ‘हातपाय तर धड आहेत’ म्हणून अर्जच न करणारे अनेक पालक या यादीकडे पाहत नाहीत.

बहुतेक लाभांसाठी किमान ४० टक्के दिव्यांगत्व लागते. कार्डाचा रंगही त्यानुसार ठरतो: ४० टक्क्यांहून कमी असेल तर पांढरा, ४० ते ८० टक्क्यांपर्यंत पिवळा आणि त्यापुढे निळा. लहान मुलांना अनेकदा तात्पुरते प्रमाणपत्र मिळते. त्यावरची मुदत संपण्याआधी फेरतपासणी करून घ्यावी, नाहीतर चालू लाभ थांबतो.

टक्केवारी पटली नाही किंवा अर्ज नाकारला, तर लेखी कारण मागण्याचा हक्क आहे. ९० दिवसांत अपील करता येते आणि मुलाच्या वतीने ते पालक करू शकतात. मात्र एजंटाकडून प्रमाणपत्र ‘काढून घेण्याच्या’ फंदात पडू नये. खोटेपणाने लाभ घेतल्यास दोन वर्षांपर्यंत कैद आणि एक लाख रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे.

शेवटी उत्पन्न, रहिवास आणि खाते

उत्पन्नाचा दाखला मुदतीचा असतो. तो सगळ्यात आधी काढून ठेवला, तर कार्ड येईपर्यंत जुना होतो. म्हणून तो शेवटी काढावा. बँक खाते आधारशी जोडलेले हवे, कारण पैसे थेट खात्यात येतात. खात्यावरचे नाव आधारप्रमाणेच आहे ना, हेही पाहावे.

कुठे काय मिळते?

तहसील कार्यालयात संजय गांधी निराधार अनुदान योजना. दिव्यांग लाभार्थ्यांचे अनुदान ऑक्टोबर २०२५ पासून दरमहा १,५०० वरून २,५०० रुपये झाले. मूल अज्ञान असेल तर अर्ज पालकामार्फत होतो.

शाळेत समग्र शिक्षा अभियानातून विशेष शिक्षक, प्रवास व मदतनीस भत्ता आणि शाळेत येऊ न शकणाऱ्यांना घरी शिक्षण. ४० टक्के किंवा अधिक दिव्यांगत्व असलेल्या मुलाला ६ ते १८ वर्षे मोफत शिक्षणाचा हक्क कायद्यानेच दिला आहे.

स्वमग्नता, सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक किंवा बहुविध दिव्यांगत्व असेल, तर राष्ट्रीय न्यासाची ‘निरामय’ योजना. वर्षाला एक लाख रुपयांपर्यंतच्या या विम्यात थेरपीचा खर्चही येतो. याच मुलांच्या पालकांनी अठराव्या वर्षाची आठवण ठेवावी. त्यानंतर कायदेशीर पालकत्वासाठी जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालील स्थानिक समितीकडे अर्ज करावा लागतो.

ग्रामपंचायतीत स्वउत्पन्नाच्या पाच टक्के निधी दिव्यांगांसाठी राखून ठेवणे बंधनकारक आहे. तो कशावर खर्च झाला, हे ग्रामसभेत विचारता येते.

कोणताही अर्ज दिला की पोच घ्यावी. मूळ कागद कुणाच्याही हाती सोडू नयेत. सगळ्यांचे फोटो मोबाइलमध्ये आणि झेरॉक्सचे दोन संच एका पिशवीत असले, तर निम्मी धावपळ वाचते.

पुरावा आईनेच का आणायचा?

हे सगळे पालकांनी करावे, हे सांगणे सोपे आहे. पण खरा प्रश्न वेगळा आहे. या लेकराची माहिती सरकारकडे नाही का? अंगणवाडीच्या रजिस्टरमध्ये ते आहे. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचे पथक अंगणवाडीत वर्षातून दोनदा आणि शाळेत एकदा तपासणीला येते. शाळा दरवर्षी दिव्यांग विद्यार्थ्यांची संख्या वर कळवते. तरीही लेकरू दिव्यांग आहे हे प्रत्येक खिडकीवर नव्याने सिद्ध करायचे काम आईच्याच माथी येते.

उत्पन्नाची अटही तपासून पाहायला हवी. निराधार योजनेत दिव्यांगांसाठी कुटुंबाच्या वार्षिक उत्पन्नाची मर्यादा ५० हजार रुपये आहे. २०२५-२६ मध्ये रोजगार हमीची मजुरी दिवसाला ३१२ रुपये होती. म्हणजे घरातल्या एकाच माणसाला वर्षात १६१ दिवस काम मिळाले, की ते कुटुंब अपात्र ठरते. सांभाळायला दिव्यांग लेकरू असलेले घर इतक्यावर चालत नाही, हे सांगायला समितीची गरज नाही.

महाराष्ट्राने ३ डिसेंबर २०२२ रोजी स्वतंत्र दिव्यांग कल्याण विभाग सुरू केला. त्याचा उपयोग झरीसारख्या गावाला कळायचा असेल, तर तीन गोष्टी पुरेशा आहेत. तपासणी पथकाला आढळलेल्या मुलाचा अर्ज पथकानेच भरावा. तज्ज्ञांचे शिबिर ठरलेल्या तारखांना मोठ्या गावांतच व्हावे. आणि एकदा यूडीआयडी क्रमांक दिला, की दुसऱ्या कार्यालयाने तोच पुरावा पुन्हा मागू नये.

तोवर ती पिशवी आईच्याच खांद्यावर राहणार आहे. लेकराचे ओझे तिने आपले मानले आहे. कागदांचे ओझे मात्र सरकारचे आहे.