नळ बंद करा, बादली बदलू नका

शनिवार सकाळ आहे, दुसरा चहा झालाय आणि आठवडाभराचा राग काही उतरत नाहीये. तेव्हा आज जरा भांडणच.

ओरॅकल आणि जावावर पोट भरणाऱ्यांना ओआरए-०१००० ही एरर नवीन नाही. एका सेशनला जितके कर्सर उघडायची परवानगी, त्यापेक्षा जास्त उघडले की ती येते. मग आपण काय करतो? डीबीएला फोन. "ओपन_कर्सर्स वाढव ना रे जरा." ३०० चे १००० होतात. मॅनेजरचा मेल येतो, 'इश्यू रिझॉल्व्ड'. सगळे खूश.

अहो, कसला रिझॉल्व्ड? नळ वाहतोच आहे, आपण फक्त बादली मोठी आणली!

हिशोब करा. लूपमध्ये दर रेकॉर्डला नवीन प्रिपेअर्ड स्टेटमेंट, आणि क्लोज कुठेच नाही. म्हणजे दर फेरीला एक कर्सर अडकला. मर्यादा ३०० असेल तर तीनशेच्या आसपास गाडी बंद पडणार, १००० केली तर हजाराच्या. महिनाअखेरीला रेकॉर्ड वाढले की पुन्हा तोच तमाशा. चौथीचं गणित आहे हे.

यावर ठरलेली उत्तरं येतात. एक, "गार्बेज कलेक्टर करेल की साफ." नाही करणार. ओरॅकलच्या जेडीबीसी ड्रायव्हरच्या माहितीपुस्तिकेतच लिहिलंय की ड्रायव्हरमध्ये फायनलायझर नाहीत, रिझल्टसेट आणि स्टेटमेंट स्वतः बंद करा. दोन, "कनेक्शन क्लोज केलंय ना!" आमचा कनेक्शन पूल घरीच बनवलेला. त्यात क्लोज म्हणजे नुसतं परत ठेवणं. सेशन जिवंत, कर्सरही जिवंत. सर्व्हर रीस्टार्ट केला की सेशन मरतात, म्हणून सकाळी सगळं छान दिसतं.

मर्यादा कधीच वाढवू नये असं मी म्हणत नाही. ओरॅकलची मूळ मर्यादा ५० ची आहे, बऱ्याच अ‍ॅप्लिकेशनना ती खरंच कमी पडते. पण आधी बघा तरी! व्ही$सेसस्टॅटमध्ये 'ओपन्ड कर्सर्स करंट' हा आकडा चढतच चाललाय का? मग व्ही$ओपन_कर्सरमध्ये त्या सेशनची एकच क्वेरी शेकडो वेळा दिसते का? दिसली तर चोर सापडला. अर्ध्या तासाचं काम. आणि उपाय? स्टेटमेंट लूपच्या बाहेर एकदाच बनवा आणि ट्राय-विथ-रिसोर्सेसमध्ये ठेवा, म्हणजे मध्येच एक्सेप्शन आलं तरी ते बंद होतं. जावा ७ मध्ये, म्हणजे २०११ सालीच, ही सोय आली.

मग हे कोणी करत का नाही? कारण रीस्टार्ट करणाऱ्याला शाबासकी मिळते आणि कोड दुरुस्त करणाऱ्याला 'रिस्क कशाला घेतोस?' असं विचारतात. आमच्या सपोर्टच्या एका मित्राने तीन महिने रात्री अडीचला उठून सर्व्हर रीस्टार्ट केला. बहिणीच्या साखरपुड्यात तो कोपऱ्यात लॅपटॉप उघडून बसला होता. त्याला बक्षीस काय? टाळ्या आणि एक सर्टिफिकेट. टाळ्या वाजवणाऱ्यांत मीही होतो.

आता खरी गोष्ट सांगतो. या बुधवारी मी शेवटी तो कोड उघडला. लूपच्या वर, कॉमेंटमध्ये, लिहिणाऱ्याचं नाव होतं. माझं. दोन वर्षांपूर्वीचं, रिलीजच्या आदल्या रात्रीचं. आणि दोन्ही वेळा मर्यादा वाढवून घ्यायला डीबीएला फोन करणाराही मीच!

दुरुस्ती अकरा ओळींची निघाली. गुरुवारी रात्री ती प्रॉडक्शनवर गेली. शुक्रवारी सकाळी मित्राला फोन करून सगळं कबूल केलं. तो हसला नाही, चिडलाही नाही. एवढंच म्हणाला, "काल अडीचला सवयीने जाग आली रे."

असो. सोमवारी ऑफिसला गेलात की आपापले लूप एकदा तपासा.